घरातला हिस्सा तृतीयपंथी लेकराचाही

संपादक महोदय,

तृतीयपंथीयांचा विषय आपल्याकडे निघतो तो बहुधा बसस्थानकावर पैसे मागणाऱ्यांवरून, आणि तिथेच संपतो. ही माणसे स्थानकावर आली कुठून, हे कोणी विचारत नाही. ती कोणाच्या तरी घरातून बाहेर पडली आहेत, किंवा काढली गेली आहेत. गोव्यात त्या घरात त्यांचा कायदेशीर हिस्सा असतो, म्हणून हे पत्र.

वारसाहक्काच्या आणि इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याच्या, कामांत माझी बरीच वर्षे गेली. आपला समान नागरी कायदा पोर्तुगीज काळापासूनचा. त्यातल्या वारशाच्या तरतुदी आता 2012 च्या गोवा वारसा कायद्यात आहेत. वाटणीत मुलगा-मुलगी असा भेद नाही. देशात इतरत्र हिंदू बाप स्वतः कमावलेले सगळे मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. इथे तो निम्म्यापुरताच मोकळा आहे, उरलेले निम्मे मुलांचे. मुलगा म्हणून जन्मनोंद झालेले लेकरू पुढे बाई म्हणून जगू लागले, तरी त्याच्या वाट्यात काहीच बदलत नाही. वारसा नाकारण्याची कारणे कायद्याने ठरवून दिली आहेत. साडी नेसणे त्यांत नाही.

प्रत्यक्षात वडील गेले की त्या लेकराचा शोध सुरू होतो तो सहीसाठी. बहिणींकडून हक्क सोडल्याचा दस्त करून घेतात, तसाच. पण बहिणीला निदान चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माहेरी बोलावतात. इथे सही झाली की गाडीभाडे हातावर ठेवून वाटेला लावतात. ‘ताका घर कित्याक जाय?’ (त्याला घर कशाला हवे?) हे शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. आईला भेटू देतील एवढ्या आशेवर हिस्सा सोडून देणारी माणसे पाहिली, की जीव तुटतो.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांना तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली. 2019 च्या केंद्रीय कायद्याच्या कलम 12 ने त्यांना आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क दिला. कलम 18 प्रमाणे त्यांना घर किंवा गाव सोडायला लावणे हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे. वाड्यावरच्या किती जणांना हे ठाऊक आहे? पंचांना तरी?

वकिलांना आणि दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अशी व्यक्ती हक्क सोडायला आली, तर भावांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोला. सोडून देते आहे त्याची किंमत काय, हे तिला समजणाऱ्या कोकणीत किंवा मराठीत सांगा. 2014 चा तो खटला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानेच लढवला होता. गोव्यातल्या प्राधिकरणाने निदान उपनिबंधक कार्यालयांत या हक्काचा फलक लावावा. आणि सही आधीच झाली असेल, तर त्या घरांनी येत्या चवथीला तिला बोलावून घ्यावे. ते करायला कोणत्याच दस्ताची गरज नाही.

— एक वाचक, फोंडा