सूर्याचे सत्तावीस दिवस

ट्रॉम्सो, उत्तर नॉर्वे,
नोव्हेंबरचा पहिला रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फराळाचं पार्सल गुरुवारी हातात पडलं. चिवडा अजून कुरकुरीत आहे. करंज्या थोड्या मोडल्या होत्या, त्या आधी संपवल्या. आई, अनारसे मात्र रविवारसाठी राखून ठेवलेत. रविवारी लांबचं पळून आलं की गोड लागतंच, आणि त्या वेळी तुझ्या अनारशासारखं काही नाही.

बाबा, तुम्ही फोनवर परत विचारलंत, ‘एवढ्या अंधारात पळायची गरजच काय?’ फोनवर मी ‘सगळे पळतात इथे’ एवढंच म्हणाले. ते काही उत्तर झालं नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी अंधाराचं. आज सूर्य दुपारी अडीचच्या सुमारास मावळला. सप्टेंबरपासून इथला दिवस रोज आठ-नऊ मिनिटांनी आखडतो. साताऱ्यात आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत दिवस जेमतेम दोन-सव्वादोन तासांनी लहान होतो. तेवढा इथे पंधरवड्यात होतो. या महिन्याच्या २७ तारखेच्या आसपास सूर्य उगवायचाच थांबेल, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत. त्यानंतरही दक्षिणेचे डोंगर आडवे येतात, त्यामुळे गावातून तो दिसायला २१ जानेवारी उजाडते. मी सकाळी आठला कामावर जाते आणि चारला सुटते. उजेडातच पळेन असं ठरवलं तर ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत फक्त शनिवार-रविवार हाती राहतील, आणि मधले दोन महिने तेही नाहीत.

पण अंधार म्हणजे आपल्याकडच्या लोडशेडिंगसारखा अंधार नव्हे. गाव एका बेटावर आहे आणि बेटाच्या मधोमध, कण्यावरून गेल्यासारखी, दिव्यांची एक पायवाट आहे. बर्फ पडला की तिथे लोक स्की करतात, तोवर ती आम्हा पळणाऱ्यांची. बाहेर पडताना दंडाला आणि पायाला चमकणाऱ्या पट्ट्या, अंगात परावर्तक जाकीट. गाडीच्या दिव्यात मी लांबूनच दिसते. इथे शाळेत जाणाऱ्या पोरांच्या दप्तरांना, म्हाताऱ्यांच्या कोटांना, कुत्र्यांच्या पट्ट्यांनासुद्धा अशा चकत्या लटकवलेल्या असतात. डोक्याला दिवा असतोच, पण दिव्यांच्या वाटेवर तो मी बंद ठेवते.

खरी काळजी अंधाराची नाही, निसरड्याची. समुद्रातून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे, एवढ्या उत्तरेला असूनही, इथे नोव्हेंबरात तापमान शून्याच्या आसपासच घुटमळतं. दिवसा बर्फ वितळतो, रात्री त्याची काच होते. त्यापेक्षा उणे दहाची कोरडी थंडी परवडली. म्हणून तळाला बारीक खिळे बसवलेले बूट घेतलेत. मोकळ्या डांबरावर ते टकटक वाजतात आणि घोट्याला थोडे जड पडतात, पण काचेवर पाय रोवून धरतात. अंगाला लागून लोकरीचा पातळ थर, वर वारा अडवणारं जाकीट. सुती कपडा इथे घामाने भिजला की वैरी होतो. आणि आई, लोकांचं ऐकून कॉड माशाच्या यकृताचं तेलही रोज चमचाभर घेते. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ येतो त्या महिन्यांत ते घ्यायचं, असा इथला जुना शिरस्ता आहे. ऊन नाही, तर ड जीवनसत्त्व कुठून मिळणार!

आता पळण्याचं. जानेवारीच्या सुरुवातीला इथे पोलर नाइट हाफ मॅरेथॉन असते, २१.१ किलोमीटर. शर्यत दुपारची, तरी काळोखच. तिच्यासाठी ऑगस्टअखेरपासून तयारी चालली आहे. तुम्ही मला अजिंक्यताऱ्यावर पळायला शिकवलंत तेव्हा तुमचा नियम एकच होता: धाप लागली पाहिजे, नाहीतर तो व्यायाम कसला! चढासाठी तो नियम मी अजून पाळते. समोरच्या डोंगरावर नेपाळच्या शेर्पांनी बांधलेल्या जवळजवळ १२०० दगडी पायऱ्या आहेत. थेट ४२१ मीटरवर, केबल कारच्या वरच्या टोकापर्यंत जातात. सप्टेंबरात, बर्फ पडायच्या आधी, मी तिथे चढाचा सराव केला. दगड इतके नीट बसवलेत की एकही हलत नाही. तुम्ही पाहिलेत तर प्रत्येक पायरीवर थांबून जोड बघत बसाल.

पण बाकीचं पळणं मी बदललंय, आणि ते बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातलं बहुतेक पळणं अगदी सावकाश, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतपत. एक दिवस जोरात: एक-एक किलोमीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये मिनिटभर दम. तो जोरही जीव जाईल असा नाही, दोन-तीन शब्द बोलता आले पाहिजेत. नॉर्वेचे धावपटू या मर्यादेबद्दल फार काटेकोर आहेत. मोठे खेळाडू तर फेऱ्यांच्या मधे बोटाला टोचून रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे जोर वाढला की साठणारं द्रव्य, मोजतात. आमच्या गटात तसलं कुणी करत नाही, पण मर्यादा ओलांडलीस तर पुढचे दोन दिवस वाया जातात, हे पहिल्या दिवशीच सांगितलं जातं. ललिता बाबर रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली तेव्हा माणदेशात जे वातावरण होतं, तसं इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात ग्रेटे वाइट्झबद्दल अजून आहे. ऑस्लोतली शाळेतली शिक्षिका, बाबा, तुमच्याच पेशातली. १९७८ साली आयुष्यातली पहिली मॅरेथॉन न्यूयॉर्कला धावली आणि थेट विक्रमी वेळेत जिंकली. पुढे तीच शर्यत एकंदर नऊ वेळा जिंकली.

तयारी चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांत असते. तीन आठवडे अंतर वाढवत न्यायचं, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आणायचं. त्या चौथ्या आठवड्यात शरीर भरून निघतं. आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर आहे.

सूर्य स्वतःभोवती फिरतो, आणि पृथ्वीवरून पाहिलं तर त्याची एक फेरी साधारण २७ दिवसांची होते. त्याच्या प्रभामंडळात, म्हणजे बाहेरच्या वातावरणात, काही विवरं असतात, तिथून सौरवारा, म्हणजे विद्युतभारित कणांचा झोत, जोरात सुटतो. ते विवर आपल्या रोखाने आलं की दोन-तीन दिवसांनी तो वारा पृथ्वीपर्यंत पोचतो आणि आकाश पेटतं, म्हणजे उत्तरध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसतो. विवर टिकाऊ असेल तर २७ दिवसांनी पुन्हा तेच. माझ्या पळण्याच्या वहीत मी अंतर निळ्या शाईने लिहिते आणि उत्तरध्रुवीय प्रकाशाची नोंद हिरव्याने. सप्टेंबर संपता संपता लक्षात आलं, की २८ दिवसांचा माझा टप्पा आणि सूर्याचे २७ दिवस जवळजवळ हातात हात घालून चाललेत. माझा हलका आठवडा आणि आकाशाचा भारी आठवडा एकाच सुमाराला येतो. पहाटे उठायचं नसतं, पायांना विश्रांती असते, आणि नेमक्या त्याच रात्री जागायला कारण असतं. एवढी नीट सोय मी ठरवून केली असती तरी जमली नसती.

शरद ऋतूलाही यात मान आहे. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, पृथ्वीच्या आसाचा कल असा येतो की सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राला आपल्या क्षेत्राशी जुळायला सोपं जातं. रसेल आणि मॅकफेरॉन या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ साली हे कारण मांडलं. म्हणून सगळ्यात मोठ्या रात्री बऱ्याचदा डिसेंबरात नसतात, विषुवदिनाच्या सुमारास असतात.

ऑक्टोबरातली एक रात्र सांगते. बेटाच्या दक्षिण टोकाला समुद्रकाठी एक छोटी पुळण आहे. जेवण झाल्यावर सावकाश पळत तिथे गेले, गावचे दिवे झाडांच्या मागे राहिले. डोक्यावरचा दिवा विझवला आणि दहा मिनिटं नुसती उभी राहिले, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. पहिल्यांदा डोक्यावरून पूर्व-पश्चिम गेलेला एक फिकट पट्टा दिसला, राखाडी, हिवाळ्यात कराडच्या बाजूला गुऱ्हाळाचा धूर संध्याकाळी शेतावर आडवा पसरतो तसा. नवख्या माणसाने ढग म्हणून सोडून दिला असता. पण त्याच्यामागे चांदण्या दिसत होत्या. मग पट्ट्याची खालची कड घट्ट झाली, हिरवी झाली, आणि उभ्या रेघा पश्चिमेकडून पूर्वेकडे पळायला लागल्या. मान दुखेस्तोवर वर पाहत होते. एका क्षणी सगळ्या रेघा बरोबर डोक्यावरच्या एकाच बिंदूतून खाली फाकल्या, खालच्या कडेला गुलाबी झाक आली, ओल्या वाळूवरही उजेड पडला. हे सगळं मिनिट-दोन मिनिटं. मी मोठ्याने ‘बाबा!’ म्हणाले. शेजारी एक आजी कुत्रा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली. जन्म इथे गेलेल्या त्या बाईसुद्धा घरात गेल्या नव्हत्या.

हिरवाच का, हे तुम्ही विचारणारच. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेमुळे पृथ्वीभोवतीचे इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून वेगाने खाली येतात आणि हवेतल्या अणूंवर आदळतात. शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचा अणू हिरवा उजेड देतो, त्यासाठी त्याला पाऊण सेकंद पुरतो. तांबडा उजेड द्यायला त्याच अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढ्यात त्याला दुसऱ्या कुणाचा धक्का लागतो आणि ऊर्जा निघून जाते. म्हणून तांबडा फक्त दोनशे किलोमीटरच्या वर, विरळ हवेत. गुलाबी कड नायट्रोजनची. १० मे २०२४ च्या वादळात लडाखला हानलेहून आकाश तांबडं दिसलं होतं, तुम्ही कात्रण काढून ठेवलं होतंत, त्याचं कारण हेच: एवढ्या लांबून फक्त सगळ्यात वरचा थर क्षितिजाच्या वर येतो.

नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलांडने १८९९ साली इथून पुढे आल्ताजवळच्या हाल्दे डोंगरावर वेधशाळा उभारली. मग प्रयोगशाळेत, हवा काढून घेतलेल्या पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून त्यावर विद्युतकण सोडले, आणि गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटवून दाखवली. बरीच वर्षं २०० क्रोनरच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. शास्त्रज्ञाला नोटेवर बसवणाऱ्या देशाबद्दल मला आदर वाटतो. आणि अभिमानाने सांगते, आदित्य-एल१ या आपल्या सूर्यनिरीक्षक यानावर सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडली. माझ्या गटातल्या लोकांना मी ते आवर्जून सांगितलं.

एक मात्र मनापासून वाटतं. लोक लांबून येतात, दोन-तीन रात्री बसमधून ढग चुकवत हिंडतात आणि फोनच्या पडद्यावरचं आकाश बघतात. कॅमेरा काही सेकंद उजेड साठवतो, त्यामुळे फोटोत सगळंच गडद हिरवं येतं. डोळ्याला दिसतं ते फिकं, पण हलतं, आणि जीव त्या हलण्यात आहे. ट्रॉम्सोला मोठ्या वादळाचीही गरज नसते, प्रकाशाचं कडं बहुधा आमच्या डोक्यावरूनच जातं. इथे अडथळा फक्त ढगांचा. म्हणून रोज थोडं बाहेर पडणाऱ्याला जे मिळतं ते पाठलाग करणाऱ्याला मिळत नाही. मला ते पळण्यामुळे मिळालं. पळायचं नसतं तर अशा हवेत रात्री नऊला मी पांघरुणातून बाहेर आले नसते.

तर बाबा, तुम्ही दोघांनी यायचं ते पुढच्या सप्टेंबरात, शेवटच्या आठवड्यात. तेव्हा बर्फ नसतो, थंडी महाबळेश्वरच्या डिसेंबरापेक्षा जास्त, पण सोसण्यासारखी, दिवसही पुरेसा मोठा, आणि रात्र काळोखी. व्हिसाला वेळ लागतो, म्हणून पासपोर्टची मुदत आत्ताच बघून ठेवा. आईसाठी लोकरीचे आतले कपडे मी इथूनच घेईन, तिकडे तशा जातीचे मिळत नाहीत. तुमचे बूट मात्र तिथेच घ्या आणि अजिंक्यताऱ्यावर महिनाभर वापरून आणा, शेर्पांच्या पायऱ्या तुम्हाला चढायच्यात.

इथे गेल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली, म्हणजे आता तुमच्या-माझ्यात साडेचार तासांचा फरक आहे. फोन तुमच्या रात्री नऊनंतर करा, मी कामावरून येऊन बूट काढलेले असतील. गुडघ्याला तेल लावताय ना? आईच्या रक्तदाबाचे आकडे पाठवा, आणि दादाला म्हणावं पत्राला उत्तर लिही, मेसेज नको.

तुमचीच,
धाकटी