‘सोपा विषय’ म्हणून खगोलशास्त्र घेऊ नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत पदवीच्या विद्यार्थ्यांनी ऐच्छिक विषय कसे निवडावेत, यावर आलेला लेख वाचला. त्यात प्राथमिक खगोलशास्त्राचा उल्लेख ‘विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्यांसाठी सोपा आणि रंजक विषय’ असा एका ओळीत उरकला आहे. हा विषय मी बरीच वर्षे शिकवला, तोही प्रामुख्याने इतिहास, वाणिज्य, भाषा आणि कायदा या शाखांतून आलेल्या विद्यार्थ्यांना. ‘रंजक’ या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, ‘सोपा’ या शब्दाबद्दल मात्र आहे. त्या एका शब्दावर विसंबून दर वर्षी काही विद्यार्थी वर्गात येतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फसवले गेल्यासारखे चेहरे करून बसतात. दुसरीकडे, ‘हे तर भौतिकशास्त्र, आपल्याला झेपायचे नाही’ असे परस्पर ठरवून, ज्यांना हा विषय मनापासून आवडला असता असे काही जण दारातूनच परत जातात. दोघांनाही वर्गात नेमके काय चालते ते कोणी सांगितलेले नसते.

या गैरसमजात माझाही वाटा आहे, हे आधी कबूल करतो. एका वर्षी अभ्यासक्रमाचे भित्तिपत्रक मीच तयार केले होते आणि त्यावर मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे लाल-गुलाबी छायाचित्र छापले होते. सत्राच्या मध्यावर निरीक्षणाच्या रात्री दुर्बीण त्याच तेजोमेघावर लावली. रांगेतल्या एका विद्यार्थिनीने नेत्रिकेला डोळा लावला, बराच वेळ पाहिले, श्वासाची वाफ बसली असेल म्हणून भिंग पुसून घेतले, पुन्हा पाहिले आणि मग शांतपणे विचारले, “सर, तो राखाडी डाग म्हणजेच तो का?” तोच होता. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग जवळजवळ कळत नाहीत आणि डोळा प्रकाश साठवूनही ठेवू शकत नाही; कॅमेरा मात्र मिनिटेच्या मिनिटे, कधी तासन्‌तास तो साठवत राहतो. म्हणजे छायाचित्रातला लाल रंग खोटा नव्हता, पण तो पाहायला मिळेल असे सुचवणारे माझे भित्तिपत्रक खोटे होते.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या तासाला जे विचारले, तिथे खरे खगोलशास्त्र सुरू होते. तो रंग लालच का? उत्तर असे की तेजोमेघातला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो आणि ती तरंगलांबी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत कोंडलेल्या हायड्रोजनच्या प्रकाशातही अगदी तीच मिळते. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत यांनी १८३५ मध्ये लिहिले होते की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते, कारण ताऱ्याचा तुकडा आणून परीक्षानळीत घालणार कोण? पण किरखोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात आपापल्या ठरावीक जागी रेषा उमटवते, आणि ताऱ्याचा प्रकाश हाच त्याचा नमुना ठरला. काँत १८५७ मध्ये वारले. आणखी तीन वर्षे जगते तर त्यांना आपले वाक्य मागे घ्यावे लागले असते. हेलियमची पिवळी रेषा सूर्याच्या वर्णपटात १८६८ मध्ये दिसली आणि तो वायू पृथ्वीवर हाती लागला १८९५ मध्ये, हा क्रम वर्गात सांगितला की कायद्याचे विद्यार्थी विशेष कान टवकारतात. साक्षीदार आधी आणि मुद्देमाल नंतर, असा हा मामला आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांची हकिकत वाचायला देत असे. ताऱ्यांमध्ये हायड्रोजन आणि हेलियम इतर सर्व मूलद्रव्यांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहेत, असे त्यांच्या १९२५ च्या प्रबंधातील गणित सांगत होते. त्या काळी तारे साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्यांचे बनलेले असावेत असे मानले जाई, आणि हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाने आक्षेप घेतल्यामुळे पेन यांनी आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे प्रबंधात नमूद केले. १९२९ मध्ये स्वतः रसेल त्याच निष्कर्षाला येऊन पोहोचले. पुरावा समोर असताना तो स्वीकारायला किती वेळ लागतो आणि का लागतो, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने हा विषय जरूर घ्यावा. ताऱ्यांची नावे तोंडपाठ असण्याशी याचा फारसा संबंध नाही.

आता गणिताविषयी, कारण विद्यार्थी सर्वांत आधी तेच विचारतात. प्राथमिक अभ्यासक्रमात सहसा कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागत नाही. लागते ते गुणोत्तर, दहाचे घातांक, थोडी त्रिकोणमिती आणि एखादे सूत्र इकडचे तिकडे करून मांडण्याची सवय. ऐकायला हे शाळेतले गणित वाटते आणि ते आहेही शाळेतलेच, पण अडखळायला होते ते नेमके इथेच. तारा तिप्पट अंतरावर नेला तर किती मंद दिसेल, या प्रश्नाला पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक वर्ग ‘एक तृतीयांश’ असे उत्तर देतो. खरे उत्तर एक नवमांश आहे, कारण तोच प्रकाश नऊपट क्षेत्रफळावर पसरलेला असतो. ताऱ्यांच्या प्रतींची, म्हणजे त्यांच्या तेजाच्या श्रेणींची, मोजपट्टी तर आणखी छळते. जितका तारा तेजस्वी तितका प्रतीचा अंक लहान, व्याधाची प्रत तर उणे १.४६; आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक, असे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ पॉगसन यांनी १८५६ मध्ये ठरवून दिलेले. जुनी वहिवाट मोडायची नाही म्हणून शास्त्रज्ञांनी हे उलटे प्रकरण आजतागायत सांभाळले आहे, आणि परीक्षेत त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.

तरीही या गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण त्यातला प्रत्येक आकडा कुठल्यातरी प्रश्नाचे उत्तर असतो. हात लांब करून अंगठा समोर धरा, आधी एक डोळा मिटून पाहा, मग दुसरा. मागच्या भिंतीवर अंगठ्याची जागा बदलते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तर सहा महिन्यांच्या अंतराने जवळचे तारेही असेच सरकलेले दिसायला हवेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा कोपर्निकस यांचा ग्रंथ १५४३ मध्ये आला आणि ते सरकणे दिसत नाही, हा त्यांच्या विरोधकांचा चांगला बिनतोड मुद्दा होता. शेवटी १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ‘६१ हंस’ या मंद ताऱ्याचा पराशय, म्हणजे अशा सरकण्याचा कोन, मोजला, तो सुमारे ०.३१ विकला भरला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). दोन सेंटिमीटर व्यासाचे नाणे तेरा किलोमीटरवर धरले तर जेवढे दिसेल, तेवढा हा कोन. आजच्या मोजमापानुसार तो तारा सुमारे ११.४ प्रकाशवर्षे दूर आहे आणि बेसेल यांचे उत्तर त्याच्यापासून दहा टक्क्यांच्या आसपासच चुकले होते. हे गणित विद्यार्थ्यांना करायला लावले की उत्तर यायला दहा मिनिटे लागतात. तेरा किलोमीटरवरचे नाणे मात्र पुष्कळ दिवस डोक्यातून जात नाही.

अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी त्यात प्रत्यक्ष निरीक्षण आहे की नाही, याची चौकशी अवश्य करावी. केवळ पडद्यावरची चित्रे दाखवून संपणारा अभ्यासक्रम मी तरी कोणाला सुचवणार नाही. मोठी दुर्बीण नसली तरी बिघडत नाही. आमच्याकडे पहिले काम चंद्राच्या नोंदवहीचे असे: महिनाभर, आकाश निरभ्र असेल त्या दिवशी, ठरलेल्या वेळी चंद्र कुठे आहे ते लिहायचे आणि क्षितिजापासूनचे अंतर लांब केलेल्या हाताच्या मुठीने मोजायचे, कारण अशी मूठ साधारण दहा अंश भरते. काम क्षुल्लक वाटते, पण चंद्र रोज सरासरी ५० मिनिटांनी उशिरा उगवतो हे पुस्तकात वाचणे निराळे आणि तो दर वेळी पूर्वेकडे सरकलेला पाहून स्वतःच चकित होणे निराळे. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत रचलेल्या नोंदवह्या लगेच ओळखू येतात. त्यात संध्याकाळी सात वाजता पश्चिमेला पौर्णिमेचा चंद्र टांगलेला असतो.

भौतिकशास्त्र मुख्य विषय असलेल्यांनी हा प्राथमिक अभ्यासक्रम शक्यतो टाळावा, असे माझे मत आहे. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षांतला गणिताधारित खगोलभौतिकीचा अभ्यासक्रम अधिक उपयोगाचा ठरतो. ज्यांना फक्त रात्रीच्या आकाशाची ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटात जावे. तिथे परीक्षा नसते आणि तारे अधिक दिसतात. ज्यांना कमी श्रमात श्रेयांक हवे आहेत, त्यांना दुसरे विषय मोकळे आहेत. राशिभविष्याच्या आशेने येणारे एक-दोघे दर वर्षी असतात. ते दुसऱ्या तासाला आपोआप दिसेनासे होतात.

राहिलेल्यांनी, म्हणजे विज्ञान सोडून काही वर्षे झालेल्या पण कुतूहल शिल्लक असलेल्या विद्यार्थ्यांनी, अर्ज भरण्याआधी मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मिळवावी. तीत व्याख्या आणि नावेच विचारलेली असतील तर पुन्हा विचार करावा. ‘हे कशावरून कळले?’ अशा जातीचे प्रश्न असतील तर शिकवणारा बहुधा चांगला आहे. अनेक विद्यापीठांत सत्राच्या सुरुवातीला विषय बदलण्याची मुदत असते. ती संपण्यापूर्वी पहिला गृहपाठ कोणाची मदत न घेता सोडवून पाहावा. उत्तर चुकले तर हरकत नाही. कुठे चुकले ते शोधावेसे वाटले तर विषय ठेवावा आणि वही मिटून टाकावीशी वाटली तर निःसंकोच बदलावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

आपल्या पुरवणीची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा त्या ओळीतला ‘सोपा’ हा शब्द काढून त्या जागी ‘दहाचे घातांक येणे आवश्यक’ एवढे छापावे, ही विनंती. भित्तिपत्रकावरचे ते छायाचित्र मी दुसऱ्याच वर्षी बदलले होते. त्या जागी एक मूठ आणि तिच्या वर चंद्राची कोर काढली होती. त्या वर्षी नावे थोडी कमी आली, पण सत्राच्या अखेरीस वर्गातली बाके पूर्वीपेक्षा अधिक भरलेली होती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक