मुतखडा, वजन आणि पावडरीचे डबे

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मुतखड्यानंतर वजन उतरवायला तुम्ही मागवलेले प्रथिनांच्या पावडरीचे पुढचे दोन डबे मी परस्पर नको म्हणून कळवले आहे आणि पुढच्या सोमवारी सकाळची आहारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. आधी विचारले असते, तर तुम्ही आईला पुढे करून विषय टाळला असता, हे आपल्या घरात कोणाला सांगायला नको.

वजन उतरवण्याचे तुम्ही मनावर घेतले, याचा मला आनंदच आहे. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास लोकांच्या अभ्यासात, वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर ज्या पुरुषांचे वजन सोळा किलोंच्या वर वाढले, त्यांच्यात मुतखड्याचा धोका वजन तेवढेच राखणाऱ्यांपेक्षा सुमारे ३९ टक्क्यांनी जास्त आढळला. स्त्रियांत तर त्याहूनही जास्त. त्यामुळे आई, हे पत्र तुलाही आहे, हसू नकोस. वजन हेच एकमेव कारण असे कोणी म्हणत नाही. आपल्या जळगावचा उन्हाळा आणि तुमचे घोटभर पाणी पिणे ही दोन्हीही, बाबा, तितकीच तुमच्या वाट्याला आली आहेत. परंतु पोटाभोवती चरबी वाढली की इन्सुलिनचे काम नीट होत नाही, मूत्रपिंडात अमोनिया कमी तयार होतो, लघवी आम्लधर्मी होते आणि तशा लघवीत यूरिक अ‍ॅसिड विरघळून न राहता त्याचे खडे धरतात. तुमचा खडा त्याच जातीचा निघाला होता, म्हणून ही काळजी.

आता डबे का नकोत, ते सांगते. भाकरी-भात बंद करून नुसत्या प्रथिनांवर झपाट्याने वजन उतरवले, तर लघवी आणखी आम्लधर्मी होते आणि खडे रोखणारे सायट्रेट कमी होते; म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, तेच उलटे व्हायचे. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले. त्यासाठी तुमची कळण्याची भाकरी जाणार नाही, वांग्याचे भरीतही जाणार नाही. फक्त शेवभाजी आठवड्यातून एकदा, आणि पापड-लोणचे ताटाबाहेर, कारण मिठाने लघवीतले कॅल्शियम वाढते आणि त्याचेही खडे होऊ शकतात. दूध मात्र तुम्ही उगाच सोडले आहे. तुमचा खडा कॅल्शियमचा नव्हताच, आणि असता तरी आहारातले कॅल्शियम ऑक्झलेटला, म्हणजे कॅल्शियमशी मिळून खडे करणाऱ्या अन्नातल्या घटकाला, आतड्यातच धरून ठेवते, त्यामुळे दूध तोडून काही साधत नाही.

लहानपणी ताप आला की तुम्ही रात्रभर उशाशी बसून मला चमच्याने पाणी पाजायचात आणि मी तोंड मिटून घेतले की गोष्ट मध्येच थांबवायचात. आता तोंड मिटायचे नाही. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायचे, उन्हात तर अधिकच. आईने तांब्या भरून खुर्चीशी ठेवावा. लिंबूपाणी चालेल, साखर नको. रोज संध्याकाळी दोघांनी मेहरूण तलावाकडे चालून यावे. आईचे गुडघे दुखले, तर तिथल्या बाकावर बसावे, तेवढ्यावरून परत फिरू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. कमरेत कळ आली, ताप चढला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठावा आणि मला फोन करावा.

सोमवारी जाताना खड्याच्या तपासणीचा कागद सोबत न्यावा. तो कपाटात, आईच्या पैठणीखालच्या पिशवीत आहे.

तुमची,
धाकटी