चार पाऊण तीन: वर्गातल्या पॅनेलविषयी एका छात्राध्यापिकेचे पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस आपल्या वाचकपत्रांत शाळांमधल्या डिजिटल पॅनेलवरून वाद चालू आहे. एका वाचकाला प्रत्येक वर्गात पॅनेल हवा आहे. एका निवृत्त गुरुजींचे म्हणणे, पडदा आला आणि मुलांचे पाढे गेले. दोन्ही पत्रे मी दोनदा वाचली, कारण ज्या वर्गावरून हे भांडण आहे त्या वर्गात, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पार पडली आणि नेमणूक मिळाली तर, उद्या मी उभी राहणार आहे. मी डी.एल.एड.च्या, म्हणजे शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठी. माझ्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून करायच्या सरावात, जे घडले ते सांगते.

मला मिळालेली शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. पट 31, शिक्षक तीन. सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसतात, मधे फक्त दोन बाकांची वाट. त्या खोलीत एक मोठा टच पॅनेल आहे. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने वर्गणी काढून तो दिला. गावाला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा, कारण गिरणगावातून आणि नालासोपाऱ्याच्या चाळींतून पैसा पैसा जमवून आलेली वस्तू आहे ती. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला जुन्या साडीचे आवरण शिवले आहे. आमच्याकडची हवा खारी, पावसाळ्यात भिंतींना घाम येतो. पेन ड्राइव्ह लावायच्या दोन खाचांपैकी एक गंजून गेली. इन्व्हर्टरची बॅटरी गेल्या वर्षीच बसली. ती बदलायची तर पैसे सादिलातून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, काढावे लागतील आणि सादिलात आधी वीजबिल भागते की नाही, हाच प्रश्न असतो.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आहे. माझा निरीक्षणाचा पाठ तोच ठरला. दोन रात्री जागून पाठाचे टाचण काढले. पुस्तकातला क्यूआर कोड वापरून दीक्षा या सरकारी अभ्यास-ॲपवर साहित्य शोधले. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो आहे आणि समुद्राचा फुगवटा त्याच्याबरोबर सरकतो आहे, असे हलते चित्र मिळाले. शाळेत रेंज नाही, म्हणून आदल्या दिवशी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, जाऊन ते उतरवून घेतले. आमच्याकडे रेंज सड्यावरच असते. शाळेच्या मुख्याध्यापिकासुद्धा ऑनलाइन माहिती भरायला छत्री धरून तिथेच जातात. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. कातळावर उकिडव्या बसून, पदराने फोन पुसत त्या एकेका मुलाची माहिती चढवत होत्या. तेवढा वेळ खाली त्यांचा वर्ग बाईंविना होता.

पाठाच्या दिवशी श्रावणातली चतुर्थी होती. मागच्या बाकावर आमच्या अध्यापक विद्यालयाचे निरीक्षक वही उघडून बसले. मी प्रस्तावना केली, पॅनेल लावला, चंद्र दिसला, आणि वीज गेली.

पाऊस धो धो. खोलीत अंधार. मी फळ्यावर गोल काढायला घेतला, पण हात थरथरत होता. एका मुलीने हात वर केला. "बाई, आज तीन वाजता भरती. आमचा आजा सांगतो."

विचारले, कसे सांगतो? ती म्हणाली, तिथीवरून. तिथीची पाऊणपट करायची. आज चौथ, म्हणून चार पाऊण तीन. आजाला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ आहे.

खाडीकाठच्या आपल्या वाचकांना हा हिशेब सांगायला नको. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, मग रोज पाऊण तास पुढे. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि भर दुपारी सुकती, म्हणजे ओहोटी. मी याच पाण्यावर वाढले. लहानपणी आईबरोबर खडकांवरची कालवे (शिंपल्यांतली) काढायला जायचे. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप मागे हटते, म्हणून बायका अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत जातात आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते-उतरते त्या, दिवसांत घरी बसतात. द्वितीया-तृतीयेला सुकती सकाळी साडेसात-आठला येते. त्या दिवसांत शाळेला मला हमखास उशीर व्हायचा आणि अंगठे धरून उभे राहावे लागायचे. त्या उशिरात अपूर्णांकांचा गुणाकार होता, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. मलाही ते कळले त्या अंधाऱ्या खोलीत, एका सातवीच्या मुलीकडून.

मी टाचण बाजूला ठेवले. भिंतीवरची दिनदर्शिका काढून तिथ्या वाचल्या. सहावीला सांगितले, प्रत्येक तिथीला तीन चतुर्थांशाने गुणा. सातवीला सांगितले, आलेल्या वेळेवरून सुकतीची वेळ काढा. दोन इयत्ता एकाच कामाला लागल्या. सड्यावरून येताना मी फोनवर भरतीचे तक्ते दाखवणारे पानही उतरवून घेतले होते. ते उघडले तर त्यात वेळ होती दोन वाजून चाळीस मिनिटे.

सहावीतला एक मुलगा म्हणाला, "मग चुकला कोण? फोन का आजा?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते आणि तसे मी वर्गाला सांगितले. पाऊस थोडा ओसरल्यावर बाईंच्या परवानगीने आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. बांबूवर वीतवीतभर अंतराने खडूच्या खुणा केल्या, तो धक्क्याच्या खांबाला बांधला आणि बघत बसलो. पाणी चढायचे थांबले तेव्हा तीनला पाच मिनिटे कमी होती. कारण बाईंनी सांगितले. फोनमधली वेळ बंदराची, आपण खाडीत आत. पाणी मुखातून आत चढत येईपर्यंत वेळ जातो. आजाने आयुष्यभर याच धक्क्यावर होडी बांधली, म्हणून त्याचा हिशेब या धक्क्याला जुळला.

निरीक्षण वहीत शेरा मिळाला: पाठ चांगला, मात्र तंत्रज्ञानाचा वापर आढळला नाही. गुण त्याप्रमाणे. वीज गेली हा माझा दोष नव्हता, पण गुणांचे दुःख मला फार नाही. मला खरोखर छळते ते हे की आम्हाला वापर म्हणजे पडदा चालू असणे, एवढेच शिकवले जाते. सराव पाठाला पीपीटी केली की काम झाले. ती कुठे थांबवायची, ती चालू असताना दुसऱ्या इयत्तेला काय काम द्यायचे, वीज गेली तर पाठ कुठून पुढे न्यायचा, याचा सराव आमच्याकडून कोणी करून घेत नाही. कोकणात वाडीवाडीवर कमी पटाच्या शाळा आहेत. बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवणे, हे आमच्यातल्या बहुतेकींच्या वाट्याला येणार आहे. तरीही आमचे सराव पाठ होतात ते तालुक्याच्या ठिकाणी, एका इयत्तेच्या भरल्या वर्गात.

निवृत्त गुरुजींना मला नम्रपणे सांगायचे आहे की पुढे काय झाले तेही ऐका. नारळी पौर्णिमा झाल्यावर प्रतिपदेपासून सप्तमीपर्यंत भरती पुन्हा शाळेच्या वेळेत येऊ लागली. पोरांनी रविवार सोडून रोज बांबू बघितला आणि वेळा लिहिल्या. वीज होती तेव्हा त्या नोंदी मी पॅनेलवर तक्त्यात भरल्या आणि त्याचा आलेख काढला. आजाच्या पाऊणकीची रेघ सरळ, आमच्या नोंदींची रेघ वाकडी. सुरुवातीला ती आजाच्या रेघेला चिकटून चालली आणि सप्तमीकडे, भांग जवळ आला तशी, वर गेली. तिथे रोजचा फरक पाऊण तासाचा राहिला नव्हता, तासाच्या घरात गेला होता. सरासरीने भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, हे मुलांनी नंतर पाहिले. तोपर्यंत ते त्यांना स्वतःच्या रेघेत दिसून चुकले होते. बोटाने आलेख मोठा करून एक मुलगा ती जागा सगळ्यांना दाखवत होता. हे मला खडूने करता आले नसते. आणि जे हलते चित्र त्या दिवशी अर्धे राहिले, ते शेवटी दाखवले तेव्हा मुलांनी तीनदा मागून घेतले. आधी दाखवले असते तर एकदा बघून विसरली असती, असे माझे मत आहे.

म्हणून मी पॅनेलच्या विरोधात नाही. फोनच्या तर मुळीच नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. बाबा फोन चार्ज करायला बाजारात जनरेटर असलेल्या दुकानात पाठवायचे आणि मी सड्यावर बसून धडे उतरवून घ्यायचे. नववीचा निकाल आणि त्याच वर्षीचा अभ्यास यांवर माझी दहावी धरली गेली, कारण 2021 मध्ये दहावीची परीक्षा झालीच नाही. तो एक फोन नसता तर माझे शिक्षण तिथेच थांबले असते. पण त्याच महिन्यांत आमचे गुरुजी पायी वाडीत यायचे आणि अंगणात हाताने लिहिलेले कागद देऊन जायचे, हेही मी विसरले नाही. फोनवर जे कळायचे नाही ते मी कागद देताना त्यांना विचारायचे.

फोन वापरायला मुलांना शिकवावे लागत नाही. असर या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे म्हटले आहे. आधीच्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरलेली मुले 76 टक्के आणि अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरलेली 57 टक्के. या दोन आकड्यांतले अंतर पॅनेल बसवून कमी होणार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे आधी शिक्षकाला आपल्या मुलांची अडचण दिसली आणि कोड त्यानंतर आला. आमच्याकडे वस्तू आधी येते आणि तिचे करायचे काय, हे शिक्षकाने मागाहून शोधायचे असते.

माझे मागणे फार मोठे नाही. आम्हा छात्राध्यापकांचे निदान दहा सराव पाठ दोन-तीन शिक्षकी शाळेत व्हावेत, त्यांतले काही पॅनेल लावून आणि काही मुद्दाम बंद ठेवून. शेरा देणाऱ्याने पडदा चालू होता का, एवढेच न बघता का लावला आणि का नाही लावला, हे आम्हाला विचारावे. शाळांच्या प्रत्येक केंद्रात दुरुस्ती जाणणारा एक माणूस असावा, म्हणजे गंजलेल्या एका खाचेपायी एवढी महागडी वस्तू साडीखाली झाकून पडणार नाही. आणि माहिती भरण्यासाठी मुख्याध्यापिकेला वर्ग सोडून कातळावर जावे लागू नये. या शेवटच्या गोष्टीसाठी मी हात जोडते, कारण ती रोजची आहे.

मुंबईच्या मंडळाच्या काका-दादांना एक विनंती आहे. गणपतीला गावी याल. शाळेला सुटी असली तरी बाई गावातच आहेत, किल्ली त्यांच्याकडे असते. तासभर येऊन पॅनेल लावून बघा, बॅटरी बघा. पोरांनी काढलेला आलेख खोलीत चिकटवला आहे, तोही बघा. त्याच्या खाली त्यांनी पुढच्या चतुर्थीपासूनच्या वेळा स्वतः मांडून ठेवल्या आहेत. दीड दिवसाचे गणपती पंचमीला खाडीवर निघतील. पाच पाऊण पावणेचार, असे पोरांनी लिहिले आहे, आणि कंसात: आमच्या धक्क्यावर.

आपली नम्र,
एक छात्राध्यापिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी
(शाळा ओळखू येऊ नये म्हणून नाव व गाव छापू नये, ही विनंती.)