न्हाणीच्या उंबऱ्यावरची ती रात्र

पुणे, रविवार

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गोव्याला गणपतीची चवथ करून परत आले त्याला आठ दिवस झाले, पण बाबांच्या पाठीवरचा तो हिरवा-निळा डाग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आरती झाली, बाबा गणपतीपुढे साष्टांग आडवे झाले आणि उठताना त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. उपरणं सरकलं तेव्हा मला तो दिसला. "गणपतीवरची फळांची माटोळी बांधताना लागलं," बाबा म्हणाले. आई, तू काही न बोलता आत गेलीस, तेव्हाच मला कळलं.

रात्री भांडी आवरताना तू सांगितलंस. आषाढापासून तीन वेळा पडलेत. त्यातलं एकदा पहाटे तीनला, न्हाणीच्या उंबऱ्यावर. तुला त्यांना उचलता येईना, म्हणून तू उशी आणलीस, अंगावर चादर घातलीस आणि सकाळी पाववाल्या पोदेराचा हॉर्न वाजेपर्यंत दोघं त्या गार फरशीवर बसून राहिलात. माझा फोन रात्रभर उशाशी असतो गं. वाड्यावर दहा पावलांवर माणसं आहेत. "कशाला कुणाची झोपमोड," म्हणालीस. आई, झोपमोड करायची. एवढ्या एका बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा "सगळं बरं आहे" म्हणून फोन तुझ्याकडे देतात आणि त्यांच्यासमोर तू गप्प बसतेस. म्हणून लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा.

बाबा, निघायच्या दिवशी सकाळी मी तुमचं बीपी तीनदा मोजलं, आठवतंय ना? पाच मिनिटं आडवं झोपवून मोजलं तेव्हा 152/84. उभं राहून एक मिनिट झालं तेव्हा 118/70. तिसऱ्या मिनिटाला 112/68, आणि तुम्ही डोळे मिटून खाटेचा दांडा धरलात. दवाखान्यात तुम्हाला खुर्चीत बसवून मोजतात, 130 च्या आसपास येतं आणि तुम्ही खुशीत घरी येता. उभं करून कुणी मोजलंच नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. तुमचा वरचा आकडा 40 ने उतरला.

"वय झालं, पाय लटपटतात" हे तुमचं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांना ते लगेच जाणवतं. शिरा आवळल्या जातात, हृदय भरभर चालतं आणि मेंदूला रक्त मिळत राहतं. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते. त्यात पाणी कमी प्यायलं, घाम गेला, गरम पाण्याने शिरा सैलावल्या, की तोल गेलाच. तुम्ही तर न्हाणीतल्या तांब्याच्या भाणातलं कढत पाणी अंगावर घेता आणि तसेच उठून उभे राहता.

आणि गोळ्या. तुमच्या डब्यात बीपीची गोळी आहे, तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. रात्रीची प्रोस्टेटची गोळी आहे, ती शिराही सैल करते. दोन्ही तुम्हाला गरजेच्या आहेत, पण वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिल्या आणि एकत्र कुणी पाहिल्या नाहीत. तुमचं पहिलं पडणं प्रोस्टेटची गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांच्या आतलं आहे, मी आईकडून तारखा विचारून घेतल्या. तरीही स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. मात्रा बदलायची की वेळ, हे डॉक्टर ठरवतील. मी त्यांची वेळ घेतली आहे.

आई, तू लिंबाच्या सरबतात मीठ वाढवलंस ते थांबव. बीपी उतरतं म्हणून मीठ, हे सगळे सांगतात, आणि काही रोग्यांना डॉक्टर स्वतःही सांगतात. पण आडवं झोपल्यावर बाबांचं 152 आहे. मीठ वाढवलं तर रात्री ते आणखी चढेल. पाणी मात्र भरपूर दे. त्यांची किडनी आणि हृदय ठीक असल्याचं मार्चच्या तपासण्यांत आलं होतं, तरी दिवसाला किती चालेल ते डॉक्टरांना विचारूच. सकाळी अंथरुणावर बसल्या बसल्या दोन पेले पाणी सलग प्यायलं तर काही मिनिटांत बीपी थोडं वर येतं, हा उपाय मला सगळ्यांत आवडला. रात्री उठावं लागेल या भीतीने बाबा संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाहीत. तहान मारू नका, दिवसा जास्त प्या.

बाबा, उठायचं कसं ते इथे लिहिते, कारण तुम्ही सरळ उडी मारल्यासारखे उठता. आधी कुशीवर व्हा. मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसा, दोन मिनिटं तरी. बसल्या जागी पावलं वर-खाली करा, मुठी आवळा. उभे राहिलात की खाटेला धरून थांबा, लगेच पाऊल टाकू नका. जाईच्या मांडवाखाली वाकून फुलं वेचता तेव्हाही हेच. देवळात रांगेत उभं राहून अंधारी येऊ लागली तर पायावर पाय टाकून मांड्या आवळून धरा, त्याने पायातलं रक्त वर ढकललं जातं. नाहीच जमलं तर तिथेच खाली बसा. लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. आपल्या म्हार्दोळ गावात तुम्हाला ओळखत नाही असं कोण आहे?

साष्टांग नमस्कार सध्या नको. देवाला हात जोडून चालतं, हे मला तुम्हीच लहानपणी सांगितलंय, मला ताप होता तेव्हा.

रात्री न्हाणीपर्यंत जायचं नाही. खाटेजवळ लघवीचं भांडं ठेवायचं आणि बसूनच करायची. पुरुष रात्री उभं राहून लघवी करताना चक्कर येऊन पडतात, हे डॉक्टरांना नेहमीचं आहे. तुम्हाला याची लाज वाटते, आईने सांगितलं. बाबा, आई पहाटे तीनला फरशीवर बसून रडली. तिच्यासाठी तरी एवढं करा. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे घालायचे आहेत, साधारण 15 सेंटिमीटरचे. पूर्ण आडवं झोपलं की रात्री मूत्रपिंडं जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतात आणि सकाळी बीपी आणखी पडतं. डोकं उंच असलं की ते कमी होतं. सुताराला फोन केला आहे. पायांचे घट्ट मोजे गोव्याच्या घामात तुम्ही तासभरही ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याऐवजी पोटपट्टा चालेल का, ते विचारते.

दुपारी उकड्या तांदळाचा भात पोटभर जेवून लगेच अंगणात जायचं नाही. जेवणानंतर रक्त पोटाकडे जातं, दोनेक तास जपावं लागतं. आई, थोडं थोडं चार वेळा वाढ. पेज आहेच.

आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेव: पुन्हा पडले तर आधी जागेवरच आडवं ठेवायचं, शुद्धीवर असतील आणि कंबर-पाय दुखत नसतील तर पाय उशीवर घ्यायचे. शुद्ध नसेल तर तोंडात साखर, पाणी काहीही घालायचं नाही. ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात, म्हणून डोक्याला मार लागला तर वरून काही दिसलं नाही तरी 108 ला फोन. छातीत दुखलं, बसल्या जागी शुद्ध गेली, बोलणं अडखळलं, एक हात-पाय हलेना, किंवा पाय टेकवता येईना, तरी 108. मग मला. मग शेजारी. झोपमोड होऊ दे.

शनिवारी सकाळी सातपर्यंत मी फोंड्याला उतरेन. बाबा, स्टँडवर न्यायला येऊ नका, मी रिक्षाने येते. न्हाणीत दोन दांडे आणि खाटेपासून दारापर्यंत रात्रीचा दिवा लावायचा आहे, सामान मी आणते. सोमवारी दहाला डॉक्टरांकडे जायचं आहे. तोवर एक काम करा: रोज सकाळी आडवं आणि उभं, दोन्ही बीपी माझ्या जुन्या वहीत लिहा. कधी अंधारी आली, त्याआधी काय करत होता, तेही लिहा. काही लपवू नका. आई, घरातल्या सगळ्या गोळ्या, तुझ्या सांधेदुखीच्यासुद्धा, एका पिशवीत भरून ठेव.

तुमची,
उमा

ता. क. बाबा, कालची बीपी लिहिली नसेल, तर आजपासून लिहा. पेन वहीतच आहे.