कडा बंद करा, पण तारीख लिहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात त्र्यंबकच्या डोंगररांगेतल्या एका कड्याच्या पायथ्याशी नवी लोखंडी पाटी लागलेली दिसली. 'गिर्यारोहणास सक्त मनाई. आदेशावरून.' मजकूर एवढाच. आदेश कोणाचा, कशासाठी, कधीपर्यंत, यातले काहीच नाही. माझ्याबरोबर आमच्या संस्थेतली दोन तरुण मुले होती. त्यांनी पाटी वाचली, एकमेकांकडे पाहिले आणि एक जण म्हणाला, "काका, पहाटे चारला दोर लावला तर कोण बघतंय?" मी त्याला रागावलो. पण घरी येईपर्यंत मला त्या पाटीचाही राग येत राहिला. त्या कड्यावर गिधाडाचे घरटे असते, म्हणून थोडे महिने बंदी खरोखरच हवी आहे, आणि नेमकी तीच अशा रीतीने घातली गेली की कोणी पाळू नये.

मी नाशिकचा. 1986 पासून सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो. कारखान्यातली नोकरी सांभाळून रविवार आणि दिवाळीच्या सुट्ट्या कड्यांवर घालवल्या. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून पुढे चढत नाही. खाली उभा राहून मुलांचा दोर सांभाळतो आणि उरलेला वेळ दुर्बीण लावून कड्याकडे बघत बसतो. या बघत बसण्यातूनच हे पत्र आले आहे.

एक गोष्ट आजवर चार-पाच जणांपलीकडे कोणाला सांगितली नव्हती, ती इथे सांगतो. साधारण वीस वर्षांपूर्वी, जानेवारीत, आम्ही तिघे एका कातळभिंतीवर नवी वाट चढत होतो. जागेचे नाव लिहीत नाही, कारण नाव छापून आले की पुढच्या रविवारी तिथे कॅमेरे पोहोचतात. दोन दोर-लांब्या, म्हणजे दोराच्या लांबीचे दोन टप्पे, झाल्या होत्या. वर एक रुंद कपार दिसत होती, तिच्यावर छज्जासारखा पुढे आलेला खडक. दमलेल्या माणसाला असली जागा म्हणजे देवाने टाकलेला पाट. मी पुढे होतो. कपारीच्या कडेवर हात ठेवून मान वर काढली, तर दोन हातांवर एक गिधाड बसलेले. लांब मान, फिकट चोच. त्याने माझ्याकडे पाहिले, एकदा पंख अर्धे उघडले आणि कड्यावरून स्वतःला दरीत सोडून दिले. मागे काटक्या, गवत आणि त्यात एकच मळकट पांढरे अंडे.

आम्हाला तेव्हा एवढेच कळत होते की अंड्याला हात लावायचा नाही. तो आम्ही लावला नाही. पण त्याच कपारीत मेख ठोकली, खालच्या दोघांना वर घेतले, पाणी प्यायलो आणि वरचा मार्ग सापडेपर्यंत तिथेच थांबलो. पाऊण तास तरी गेला असेल. गिधाड समोर घिरट्या घालत होते. एकाची छाया भिंतीवरून सारखी फिरत होती, मग दोघांची झाली. आम्ही तिला शुभशकुन मानले. दहा दिवसांनी राहिलेले सामान काढायला गेलो तेव्हा घरटे रिकामे होते. अंडे उन्हाने गेले, कावळ्याने नेले की आणखी काही झाले, मला माहीत नाही. आम्ही गेलो नसतो तर ते गेले असते का, तेही माहीत नाही. पण त्या पाऊण तासाचा हिशोब माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

नंतर पायथ्याच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गुराख्याशी बोललो. तो म्हणाला, "गिधाड म्हंजे काय कोंबडी हाय का? वरसाला एक अंडं. ते गेलं का ते वरीस गेलं." पुढे पक्षी अभ्यासकांकडून ऐकले ते याहून वेगळे नव्हते. आपल्याकडे कड्यांवर राहणारे लांब चोचीचे गिधाड वर्षात एकच अंडे घालते. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे पन्नास दिवस ते उबवतात. त्यानंतर पिल्लू जवळजवळ चार महिने त्याच कपारीत असते. त्या पिल्लाला स्वतः वीण करायला पाच वर्षांच्या आसपास लागतात. म्हणजे पाऊण तासाच्या बेफिकिरीने किती काळाची जागा रिकामी होते ते बघा.

"गिधाडे चढाई करणाऱ्यांनी मारली नाहीत, डायक्लोफिनॅकने मारली," असे आमचेच काही मित्र म्हणतात. खरे आहे. जनावरांना दिलेले हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि 1990 च्या दशकापासून पंधरा-एक वर्षांत लांब चोचीची गिधाडे देशभर सुमारे 97 टक्क्यांनी घटली. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली, 2023 मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या तशाच औषधांवरही आली. पण शंभरातली तीन उरली असताना "आम्ही थोडीच मारली" या बोलण्याला काय अर्थ आहे? जी उरली ती आपल्याच भिंतींवर बसली आहेत. अंजनेरीच्या कड्यांवर ती आहेत, म्हणूनही 2017 मध्ये तो डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र झाला. शिवाय गिधाड एकटे नाही. शाहीन ससाणा, मोरघार, शृंगी घुबड हे सगळे कड्याच्या खोबणीत किंवा कपारीत घर करतात.

आता जी अडचण आहे ती सांगतो, कारण ती मांडल्याशिवाय बंदीची भाषा करणे लबाडी होईल. सह्याद्रीत चढाईचा हंगाम आणि या पक्ष्यांचा हंगाम एकच आहे. जून ते सप्टेंबर कडे वाहत असतात, शेवाळ धरतात, दगड सुटतात. ऑक्टोबरात गवत वाळू लागते. मार्च संपला की काळा कातळ दुपारी हाताला चटके देतो. चढाईचे खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि गिधाड नोव्हेंबरच्या आसपास काटक्या गोळा करू लागते, थंडीत अंडे घालते, पिल्लू उडते ते एप्रिल-मेमध्ये. शाहीनचे डिसेंबर ते एप्रिल. म्हणजे पक्ष्यांसाठी सगळे कडे सरसकट बंद केले तर महाराष्ट्रातले प्रस्तरारोहणच बंद होईल. जागाही एकच लागते. दोर बांधून थांबायला आम्हाला लागते तशी रुंद, सावलीची, वरून आडोसा असलेली कपार त्यांनाही लागते. म्हणून 'आम्ही आपले बाजूने जाऊ' हे भिंतीवर जमत नाही. वाट त्यांच्या दारातूनच जाते.

पण सगळ्या भिंतींवर घरटी नसतात. शंभर कपारींतून पक्षी एखाद-दुसरी निवडतो आणि बहुधा वर्षानुवर्षे त्याच भिंतीवर राहतो. खाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ उतरलेले असतात, पायथ्यापासून साध्या डोळ्यांनी दिसतात. म्हणजे कोणती भिंत सोडायची हे ठरवता येते. जिथे घरटे आहे ती भिंत नोव्हेंबर ते मे असे सात महिने पूर्ण सोडायची, शेजारची चढायची. पिल्लू उडाले किंवा त्या वर्षी घरटे झालेच नाही, तर बंदी लवकर उठवायची. मागायचे आहे ते एवढेच.

हे कुठे होत नाही असे नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी 1 मार्चपासून 15 जुलैपर्यंत बहिरी ससाण्याच्या ठरावीक कड्यांवर चढाई बंद असते. बाकीच्या भिंती उघड्या असतात, आणि घरट्यांवर नजर ठेवून जिथे पक्षी नाहीत तिथली बंदी आधी काढतात. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन तिथले ससाणे नाहीसे झाले होते. 1978 मध्ये एल कॅपिटन या प्रचंड भिंतीवर घरटे पहिल्यांदा पुन्हा दिसले ते चढाई करणाऱ्यांनाच. पुढे अशा घरट्यांपर्यंत दोरावरून पोहोचून पातळ कवचाची अंडी काढून आणायला आणि तिथे पिल्ले ठेवायला आरोहकांचीच मदत झाली. ब्रिटनमध्ये तर आरोहकांची संघटना पक्षी अभ्यासकांबरोबर बसून कोणता कडा कोणत्या तारखेपर्यंत सोडायचा ते ठरवते आणि पायथ्याला तशी पाटी लावते. त्यांचे हवामान वेगळे, हंगाम वेगळा. तारखा उचलून आणायच्या नाहीत. पाटीवर कारण आणि तारीख असते, आणि ती ठरवताना चढणारा माणूस समोर बसलेला असतो, एवढे मात्र नक्की घ्यावे.

आपल्याकडे कायदा कमी नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे येते. त्या जानेवारीत आम्ही जे केले त्याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात हे मला फार उशिरा कळले. आमच्या प्रशिक्षण शिबिरांत गाठी शिकवतात, मेखा शिकवतात, पडल्यावर काय करायचे ते शिकवतात; हे कोणी शिकवत नाही. शिबिराच्या पहिल्या दिवशी पांढरे ओघळ ओळखायला शिकवा, अशी माझी सगळ्या संस्थांना विनंती आहे. आग्या मोहोळ असलेली भिंत आपण एका शब्दात सोडतो. अत्तर लावत नाही, धूर करत नाही, कुजबुजत खालून जातो. कारण माशा जीव घेतात. गिधाड काहीच करत नाही, नुसते उडून जाते, म्हणून त्याची भिंत आपण सोडत नाही.

आणखी एक. बंदी फक्त खालून चढणाऱ्यांवर घातली तर ती अन्यायाची होईल. भिंतीवर दोन-तीन माणसे महिन्यातून एकदा चढतात. वरून दोर सोडून रॅपलिंगचे कार्यक्रम करणारे शनिवार-रविवारी पन्नास-साठ माणसे एकाच वाटेने खाली सोडतात, प्रत्येक जण कपारीसमोर लटकून ओरडतो, समोर ड्रोन फिरत असतो. 31 डिसेंबरला माथ्यावर तंबू, स्पीकर आणि फटाके. कॅलेंडरात बघा, नेमके अंडे उबवायचे दिवस. घरट्याच्या भिंतीवर चढाई बंद असेल तर तिथे रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग (दरीवर आडवा दोर बांधून पलीकडे जाणे), ड्रोन आणि माथ्यावरचा गोंगाटही बंद असला पाहिजे. नाहीतर शिस्तीने चालणारा घरी बसेल आणि बाकी सगळे चालू राहील.

वन विभागाला माझे सांगणे असे की, दर ऑक्टोबरात एकदा आम्हाला बोलवा. गिर्यारोहण संस्था, पक्षी अभ्यासक, पायथ्याच्या वाडीतली माणसे आणि तुमचे वनरक्षक, एवढ्यांनी एका दुपारी बसले तरी पुरे. कोणत्या भिंतीवर गेल्या वर्षी काय होते हे गुराख्याला आणि आरोहकाला तुमच्या कागदांआधी माहीत असते. घरट्याच्या आजूबाजूला किती अंतर सोडायचे ते अभ्यासकांनी सांगावे, आम्ही ऐकू. घरट्याची नेमकी कपार जाहीर करू नका. भिंतीचे नाव पुरे. पाटीवर लिहा: 'या भिंतीवर गिधाडाचे घरटे आहे. 1 नोव्हेंबर ते 31 मे चढाई आणि रॅपलिंग बंद. डावीकडची भिंत खुली.' आणि मे संपला, किंवा त्याआधी पिल्लू उडाले, की तीच पाटी काढायला कोणीतरी परत या. आमचा विश्वास बसायचा असेल तर तो पाटी लावताना बसणार नाही, ती काढताना बसेल. आजवर मी लावलेल्या पाट्या पुष्कळ पाहिल्या, काढलेली एकही पाहिली नाही.

पहाटे चारला दोर लावू म्हणणाऱ्या त्या मुलाला मी नंतर एका रविवारी लांबच्या टेकाडावर नेले आणि दुर्बीण हातात दिली. तासभर काहीच दिसेना, तो कंटाळला. मग ऊन चढले आणि एक गिधाड वाऱ्यावर तिरके येत येत कपारीत उतरले. आत बसलेले दुसरे उठले, बाजूला सरकले, आणि आलेले त्याच्या जागी बसले. घरट्यावरची पाळी बदलली. मुलगा बराच वेळ डोळ्यांवरून दुर्बीण काढेना. खाली उतरताना त्याने विचारले, "काका, मग उडेल कधी ते पिल्लू?" एप्रिलपर्यंत तो दर पंधरवड्याला तिथे जात होता, वहीत तारखा लिहीत होता. ती वही माझ्याकडे आहे. संबंधित अधिकाऱ्यांना हवी असेल तर मी स्वतः कार्यालयात आणून देईन.

येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही काही जण त्या कड्यासमोरच्या टेकाडावर पुन्हा बसणार आहोत. दुर्बिणी दोन आहेत. नव्या पाटीचा पत्रा, रंग आणि लिहिणावळ आमची मंडळी करतील; तारीख तेवढी विभागाने घालून द्यावी.

आपला,
एक जुना प्रस्तरारोहक,
नाशिक