रेडिओवर 'गोदावरी' या नावाने बोलणाऱ्या सरदारकाकांना

काका, सत श्री अकाल आणि नमस्कार.

परवा पहाटे मडेराच्या पुढे टूली धुकं उतरलं होतं. बाहेरच्यांना याची कल्पना येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात हिवाळ्यात पाऊस पडून गेला, वारा पडला, की रात्रीतून जमिनीलगत धुकं साचतं आणि ९९ नंबर हायवेवर पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसेपर्यंत ब्रेक मारायची वेळ निघून गेलेली असते. २००७ च्या नोव्हेंबरात फ्रेस्नोजवळ याच रस्त्यावर शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. तर परवा सीबीच्या, म्हणजे ट्रकवाले गाडीगाडीतून आपसात बोलतात त्या रेडिओच्या, १९ नंबर चॅनलवर कुणीतरी ओरडलं, की पुढे ट्रक आडवा झालाय, सगळं ठप्प आहे, हळू या. मी पुढच्याच एक्झिटला खाली उतरले आणि माइक उचलून तोच निरोप मागच्यांना दिला. धुक्यातून कुठूनतरी "टेन-फोर" आलं. म्हणजे माझं बोलणं पोचलं होतं! ते पोचलं तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र. तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. ट्रकवाल्या मंडळींपैकी कुणीतरी वाचून दाखवेल ही आशा.

तुमच्या आधी या रेडिओचे जे हाल झाले, तेही जरा सांगते. त्याशिवाय तुमचं मोल कुणाला कळायचं नाही. दुकानाचं नाव घेत नाही. तिथल्या भल्या माणसाने मला लोहचुंबकाची अँटेना विकली. आता, माझ्या फोर्ड एफ-१५० पिकअपची बॉडी २०१५ पासून अ‍ॅल्युमिनियमची आहे, तिला चुंबक चिकटत नाही, हे पिकअपचं काम करणाऱ्या माणसाला ठाऊक असू नये? टपावर ठेवली, घसरली. मग अँटेना बदलली (पैसे वेगळे) आणि केबिनमागच्या टूलबॉक्सला ब्रॅकेट मारून बसवली. करंट सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून. एसडब्ल्यूआरचा मीटर लावून अँटेना रेडिओशी जुळलीय का (आकडा एकच्या जितका जवळ तितकं बरं) हे बघणं वगैरे भानगडच नाही. मी बोललेलं पार्किंगच्या पलीकडे जाईना आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी. परत गेले तर "सीबी असाच असतो, मॅडम". पुढचं सगळं स्पष्टीकरण त्याने माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं. नवऱ्याला फ्यूज कुठे असतो हेही माहीत नाही. गाडी माझी, बदामाच्या बागांना पाणी देण्याची व्यवस्था बघायचं काम माझं, आणि समजावणं चाललंय त्याला! दुसरीकडे विचारलं तर तिथल्यांनी मोबाइल घ्या म्हणून सल्ला दिला, जसा काही माझ्याकडे नव्हताच.

ट्रक स्टॉपवर मी त्या डबड्याला मराठीत शिव्या घालत होते आणि मागून आवाज आला, "काय झालं गं, बोलेना का?" वळून बघते तर निळा पटका, पांढरी दाढी. नांदेडचे, गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत वाढलेले. मी परभणीची म्हटल्यावर तुम्ही पुढचं काही विचारलंच नाही, थेट टूलबॉक्सपाशी वाकलात.

आठ तास गाडी हाकल्यावर अर्धा तास थांबायचं हा इथला कायदा आहे, आणि इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये मिनिट न् मिनिट मोजलं जातं. त्या वेळात लोक जेवतात, पाठ टेकतात. तुमचा डबा तसाच राहिला. टूलबॉक्सखाली रबराची पट्टी होती, ती बघून तुम्ही हसलात. "याला अर्थिंगच नाही, अँटेना नुसती शोभेला उभी केली." सगळं काम मी इथे लिहीत बसत नाही. पण ब्रॅकेटखालचा रंग तुम्ही पॉलिश पेपरने घासलात, आतलं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम वर आलं, त्यावर ग्रीसचं बोट फिरवलंत आणि विणलेली तांब्याची पट्टी फ्रेमपर्यंत कसलीत, तेवढ्याने मीटरचा काटा तीनच्या पलीकडून दोनच्या आत आला. वायर सरळ बॅटरीवर नेली तशी शिट्टी गेली. मग गाडी इतर ट्रकपासून लांब, मोकळ्यात घ्यायला लावलीत. दारं बंद करून मी आत, तुम्ही बाहेर. अँटेनाच्या टोकाचा स्क्रू जरासा फिरवायचा, बाजूला व्हायचं, मला आकडा विचारायचा, परत फिरवायचा. एक नंबरच्या चॅनलपेक्षा चाळीसवर आकडा जास्त दाखवतोय म्हणजे अँटेना लांब आहे, हे मला पटेपर्यंत सांगितलंत. मला, नवऱ्याला नव्हे!

पण माझ्या मनात बसलंय ते वेगळंच. सगळं झाल्यावर तुम्ही डिझेलची पावती काढलीत, तिच्या पाठीवर मराठी अंकांत लिहिलंत: १ वर १.५, २० वर १.२, ४० वर १.४. खाली तारीख. आणि ती पावती ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलीत. "उद्या कुणी म्हणालं अँटेना बदला, तर आधी मीटर लावायला सांग आणि हे आकडे दाखव. तुला कुणी गंडवायला नाही पाहिजे."

काका, मदत करणारी माणसं भेटतात, नाही असं नाही. पण बरेच जण अशी मदत करतात की पुढच्या वेळी आपण पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहावं. तुम्ही मला तुमच्यावरही अवलंबून ठेवलं नाहीत. ज्याच्याकडून काही येणं नाही, जो पुन्हा भेटेलच याची खात्री नाही, अशा माणसाचं काम इतकं चोख करायचं आणि वर त्याच्या उद्याचीही काळजी वाहायची, याला काय म्हणावं? पैशांचं विचारलं तर डॅशबोर्डवरची बदामाची पुडी उचललीत आणि निघालात. गल्लाभरू दुकानदाराला हे सांगितलं तर तो तुम्हाला वेड्यात काढेल. त्याच्या दुकानात काउंटरमागे "ग्राहक हाच देव" अशा अर्थाची इंग्रजी पाटी आहे, हेही जाता जाता सांगून टाकते.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला रेडिओ कळला नाही, एसडब्ल्यूआर तर नाहीच, पण नांदेडचा माणूस एवढं बरोबर कळलं. तिचा निरोप आहे की हजूर साहिबला याल तेव्हा वाटेत परभणीला उतरायचंच. जानेवारीत आलात तर हुरडा असतो, दह्याची चटणी ती स्वतः करते. तुम्ही तिखट कितपत खाता, तेवढं कळवा.

तुमची,
परभणीची पोरगी